रोवळीचा इसार

आईच्या रोवळीचं बूड गेल्या पावसाळ्यात गेलं. चाळीस वर्षं तिनं त्या एका रोवळीत तांदूळ धुतले. घरात स्टीलच्या चाळण्या तीन आहेत, पण त्यात तांदूळ नुसते निथळतात, रोवळीत ते मोकळे होतात, असं तिचं म्हणणं. पुण्यात दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, "जुन्नरला मिळेल. आमच्या ओतूरला येणारी टोपली-सूप सगळं जुन्नरच्या बुरुडाकडचं असायचं." आईचं माहेर ओतूर. तेव्हा चैत्रातल्या एका सकाळी बूड गेलेली रोवळी पिशवीत घालून मी जुन्नरच्या एसटीत बसले.

जुन्नरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला एक मावशी बांबू फोडत बसल्या होत्या. भोवती सुपं, दुरड्या, परड्या, हारे आणि कोंबड्या झाकायची दोन डालगी. डाव्या पायाच्या अंगठ्यात बांबूचं टोक धरलेलं, उजव्या हातात कोयता. एक घाव, मग पात्याला नुसता पीळ, आणि बांबू सरळ रेषेत उकलत जायचा. दोनाचे चार, चाराचे आठ. हिरव्या सालीच्या पट्ट्या एकीकडे, आतल्या पांढऱ्या गाभ्याच्या दुसरीकडे. साल चिवट, ती काठाला आणि बुडाला. गाभा ठिसूळ, तो स्वस्तातल्या मालाला. हे त्यांनी मला मान वर न करता सांगितलं.

मी पिशवीतून रोवळी काढली. त्यांनी ती हातात घेऊन उलटी केली आणि काठावरून बोट फिरवलं.

"चांगल्या हाताची हाय," त्या म्हणाल्या. "पण आता रोवळी कोण मागतंय ताई? करून देते. पर लगेच न्हाई. लग्नसराई हाय. झाली, दुरड्या, सुपं, ह्यातनं हात मोकळा न्हाई."

लग्नात ऐरणीदानाला वेळूची झाल लागते. त्यात दिवे लावून ती वराच्या आईच्या आणि घरच्यांच्या डोक्यावर धरतात. हॉलमधलं लग्न असो की अंगणातलं, झालीला अजून पर्याय निघालेला नाही.

"मग कधी येऊ?"

"श्रावणात या."

किंमत ठरली. मी अर्धे पैसे इसार म्हणून देऊ केले, मग काय वाटलं कोणास ठाऊक, सगळेच दिले. त्यांनी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या. वही नाही, फोन नंबर नाही.

"माझं नाव लिहून ठेवता का?"

"कशाला? रोवळीवाल्या ताई म्हणून ध्यानात ऱ्हाईल. दुसरं कुणी मागतंच न्हाई."

नमुना म्हणून आईची रोवळी त्यांच्याजवळ ठेवून मी लेण्याद्रीच्या रस्त्याला लागले.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, खुद्द शिवनेरी, जिकडे पाहावं तिकडे कड्यावर काळ्या चौकटी दिसतात. लेण्याद्रीला बहुतेक माणसं अष्टविनायकातल्या गिरिजात्मजासाठी येतात. पायऱ्या चढून दर्शन घेतात आणि फिरतात. त्या गणपतीचं मंदिर हे सातवं लेणं. त्याला लागून सहावं लेणं आहे, चैत्यगृह. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर हत्ती, वाघ, सिंह, आणि टोकाला दगडातच कोरलेला स्तूप. दारावरच्या ब्राह्मी लेखात दात्याचं नाव आहे: सुलसदत्त, कल्याणच्या सोनाराचा मुलगा. राजा नाही, सेनापती नाही. नाणेघाटातून कल्याण बंदराकडे माल उतरायचा, त्या वाटेच्या खालच्या टोकाला सोन्याचं काम करणाऱ्या घरातल्या मुलानं वरच्या टोकाला हे चैत्यगृह दिलं.

जुन्नरच्या लेखांत असे दाते जागोजागी भेटतात. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. चंद, चिट, इरिल असे यवन आहेत, म्हणजे ग्रीक जगाशी नातं सांगणारी माणसं. सिकंदराच्या मॅसिडोनियाचं नाव ज्यांच्या पूर्वजांच्या आठवणीत असेल, ती माणसं इथल्या संघाला भोजनमंडप आणि पाण्याची टाकी देऊन गेली. पण मला ज्या लेखाची ओढ होती, तो कारागिरांचा. जुन्नरच्या एका लेखात दोन श्रेणींची नावं येतात. एक वसकारांची, दुसरी कासाकारांची. वसकार म्हणजे वंशकार, वेळूचं काम करणारे. कासाकार म्हणजे काशाचं काम करणारे, कासार. या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवले होते आणि त्यावरचं महिन्याचं व्याज धर्मकार्याला जायचं होतं.

हा व्यवहार कसा चाले, ते नाशिकच्या पांडवलेण्यातल्या उषवदाताच्या लेखात स्वच्छ लिहिलेलं आहे. उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्यानं ३००० कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २००० वर महिना शेकडा एक व्याज, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंना वस्त्रं आणि किरकोळ खर्च मिळायचा. त्याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख, शेहेचाळिसाव्या वर्षाचा, जुन्नरच्या मानमोडीत आहे. तोच काळ, तीच व्यवस्था. जावयाच्या हाती सत्ता होती, पण आपल्यामागे पैसा सुरक्षित राहावा म्हणून त्यानं निवडले ते माग चालवणारे. आणि जुन्नरात कुणीतरी निवडले ते बांबू फोडणारे.

चैत्यगृहाच्या पायरीवर बसून मी खाली पाहत होते. द्राक्षांचे मळे, त्यावरच्या जाळ्या, पलीकडे शिवनेरीचा कडा. मला राहून राहून पदराला गाठ मारणाऱ्या मावशी दिसत होत्या. कारागिराबद्दल आपण बोलतो तेव्हा कौतुक करतो, कळवळा करतो, अनुदानाची भाषा करतो. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या जुन्नरकरांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी बुरुडांवर विश्वास ठेवला. बुरुडांना पत होती. या प्रवासात मग मी तेच शोधत गेले: कुठल्या हाताला अजून पत आहे, आणि ती कशानं गेली.

कागदाची पत कशी असते ते जुन्नरनं पाहिलेलं आहे. जुन्नरी कागद हे एकेकाळी नाव होतं. कागदी समाजातली मुसलमान कुटुंबं इथं हातानं कागद करत. १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या धंद्याची नोंद आहे. पेशवाईत पुण्याला दफ्तरासाठी कागद लागू लागला तेव्हा कसब्यात कागदीपुरा वसला, तिथल्या कागद्यांचं मूळही जुन्नरकडे जातं. जुनं तरट, सुतळी, दोर बारीक तोडायचे, चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, पायानं चालवायच्या ढेकीखाली कुटायचे आणि नदीच्या पाण्यात धुऊन काढायचे. असं पुन्हा पुन्हा करत लगदा दुधासारखा झाला की हौदात सोडायचा. गवताच्या काड्यांची चाळ बुडवून ती समतोल वर उचलायची, एवढ्याच एका हालचालीवर कागदाची जाडी ठरे. ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, तांदळाची खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटल्याशिवाय बोरूची शाई फुटे.

जमिनीच्या सनदा, खतं, हिशेब असल्या कागदावर राहिले. ज्याच्यावर वाद झाला तर तीन पिढ्यांनी पुरावा काढायचा, तो कागद टिकणारच असायला हवा. गिरणीचा कागद आला, स्वस्त आणि पांढरा, आणि हा धंदा बसला. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या प्रेरणेतून पुण्यात के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये हातकागद संस्था सुरू केली, तेव्हा ही विद्या नव्यानं उभी राहिली. जुन्नरच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना ढेकीचा आवाज आता येत नाही. तरी एका घरी ओट्यावरचं सूप पाहून मी थांबले. जुन्या कागदाच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून ते सारवलेलं होतं, म्हणजे बारीक दाणाही फटीत अडकत नाही. कागद्याची आणि बुरुडाची विद्या त्या एका सुपावर अजून एकत्र नांदत होती.

दुसऱ्या दिवशी नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, मीना नदीकाठचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणवतं. गुढीपाडव्याच्या सुमारास इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. एकेका राहुटीवर फडमालकाच्या नावाचा फलक, आत गादी, लोड, वही. पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांतल्या गावांचे कारभारी आपल्या जत्रेची तारीख घेऊन येतात आणि राहुटी-राहुटी फिरतात. अमक्या फडाला ती तारीख मोकळी आहे का, वग कुठला, कलावंत किती, सुपारी काय. घासाघीस होते, चहा येतो, आणि सुपारी ठरते. मी बसले होते त्या राहुटीत एका गावचे चौघे आले. वयानं मोठे होते त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ढोलकीवाला मागल्या सालचाच हाय ना?" तो आहे म्हटल्यावर त्यांनी भाव फारसा पाडला नाही.

फडाचे व्यवस्थापक मला म्हणाले, "ताई, फड नावावर चालतो. एका गावाला बारी पडली की पुढच्या वर्षी दहा गावं कमी होतात. आणि रंगली, तर पाव्हण्यारावळ्यांत बातमी जाते."

रात्री जवळच्या एका गावच्या जत्रेत तमाशा पाहिला. गण झाला, गवळण झाली, कृष्णानं गवळणींच्या मावशीची वाट अडवली आणि मागच्या बायकाही मोकळ्या हसल्या. बतावणी झाली. मग वग सुरू झाला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि लहान मुलं मांडीवर झोपलेली होती. ढोलकीची तोड, हलगीचा कडकडाट, तुणतुण्याची एकच न थांबणारी तार. ढोलकीवाल्याची बोटं शाईवर पडत होती ती मी फार वेळ पाहिली. जुन्नरच्या बुरूड मावशींच्या कोयत्यासारखीच, जोर दिसत नव्हता, फक्त नेम दिसत होता.

या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी. १९३५ मध्ये पंढरपुरात जन्म, घरातच फड, वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. भरल्या दिवसांत नाचता नाचता त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत या भागातली प्रत्येक म्हातारी सांगते. सांगताना आवाज अभिमानाचा असतो, आणि मला दर वेळी ती ऐकवत नाही. कुठल्या बाईला ही पाळी यावी? विठाबाईंची अखेरची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्याच नावानं तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. कलेला पत होती, राहुटीतल्या वहीत ती दिसते. कलावंतिणीच्या म्हातारपणाला मात्र ती पुरली नाही. श्रेणीकडे ठेव असे, तिथं माणूस एकटा नसे. विठाबाई एकट्या पडल्या, हा माझ्या मनातला सल आहे.

सोमवारी बेल्ह्याचा बैलबाजार गाठला. तालुक्याच्या पूर्वेला, पावसाची ओढ असलेल्या भागात, हा बाजार भरतो. बैलांच्या रांगा, दात पाहणारी माणसं, उपरण्याखाली बोटांनी ठरणारे भाव. मी बैलांपेक्षा त्यांच्या साजाच्या दुकानांपुढे रेंगाळले. वेसणी, म्होरक्या, कासरे, दावी, रंगीत गोंडे, घुंगरमाळा, पितळी शेंब्या, आरसे लावलेल्या झुली. दोर वळणं हे पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाचं काम आणि हलगी-ढोलकीही त्यांचीच. बोर्डावर आणि गोठ्यात, दोन्हीकडे एकाच समाजाच्या हाताचा पीळ. एका म्हाताऱ्या बाबांकडे नायलॉनचे दोर ढिगानं होते आणि कोपऱ्यात अंबाडीच्या वाखाचे चार कासरे.

"नायलॉन हाताला काचतं, बैलाच्या नाकालाही," ते म्हणाले. "शर्यतीवाला अजून वाखाचाच मागतो."

जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात बैलगाडा हा जीव की प्राण. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. बैलाला इजा होऊ नये हे मलाही मनापासून वाटतं, आणि कायद्यानं घातलेल्या अटी पाळल्याच पाहिजेत. पण बंदीच्या वर्षांत गोंडे करणारी, झुली शिवणारी, घुंगरं ओवणारी घरं कशी बसून होती, ते मला त्या बाबांनी सांगितलं. शर्यत थांबते तेव्हा बैलाबरोबर आणखी वीस हात थांबतात.

शेवटचे दोन दिवस आंबेगावचे. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेनं भीमाशंकरच्या रस्त्यावर. ज्या आंबेगावाच्या नावानं तालुका आहे, ते जुनं गावच घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या खुणा वर येतात. रस्ता चढू लागला तशी हवा बदलली, करवंदीच्या जाळ्या दिसू लागल्या. हा महादेव कोळ्यांचा मुलूख. अंगणाअंगणात बाळहिरडा वाळत घातलेला होता. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली घरं अजून काही आहेत, आणि आत भात साठवायच्या कणग्या. बांबूच्या पट्ट्यांनी विणून शेणानं सारवलेली पुरुषभर उंचीची कणगी पाहिली की घरात कुणी वडीलधारं उभं आहे असं वाटतं.

एका पडवीत आजी इरलं बांधत होत्या. कामट्यांची दोन जाळीदार कवचं, मधे पळसाची पानं अशी एकावर एक की पाण्याला वाट मिळू नये. आकार होडी उपडी घातल्यासारखा. ते डोक्यावरून पाठीवर येतं आणि आवणी करणाऱ्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहतात.

"प्लास्टिकचा कागद घेत नाही का आता?" मी विचारलं.

"घेत्यात की पोरी. वाऱ्यानं उडतो, आत घाम येतो. वाकून दिवसभर आवणी कर, मग कळंल." मग थोडं थांबून, "पर इरलं करायला चार दिस जात्यात. कागद घ्यायला चार मिन्टं."

त्यांनी पहिलं इरलं आपल्या आईला करताना पाहून केलं होतं. या वर्षी त्यांनी दोन करायचं ठरवलं होतं, एक स्वतःला आणि एक नातसुनेला, कारण नातसुनेनं मागितलं होतं. हे सांगताना आजींचा चेहरा उजळला. मागितलं, हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

श्रावणात मी आईला घेऊन आले. आधी ओतूर. मांडवीकाठी बाबाजी चैतन्यांची समाधी आणि कपर्दिकेश्वराचं देऊळ. तुकोबांचे गुरू म्हणून बाबाजी चैतन्यांना वारकरी मानतात. श्रावणी सोमवारी इथं कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. ना पाणी, ना डिंक, ना साचा. सुटा दाणा दाण्यावर बसवत शाळुंखेचा गोल घाट उभा करायचा, वर लिंग. श्वास जोरात सोडला तरी कोसळेल असं वाटतं, आणि ती दिवसभर उभी असते. दर्शनाची रांग देवळाबाहेर लांबवर गेली होती. पिंडी रचणाऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नव्हती, पण आईला पिढीपिढीची माहीत होती. "हे त्यांच्या आजोबांचं काम," ती म्हणाली. रात्रीतून ते बसतात, सकाळी गाव येतो. गाव येणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून हात थरथरत नाही.

दुपारी जुन्नर. २०१८ मध्ये राज्यानं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून बाजारात येणाऱ्या गाड्या वाढल्या आहेत. दुकानांतून बाहेरगावच्या कारखान्यांत झालेली खेळणी आणि किल्ल्यांचे साचेबंद पुतळे भरपूर दिसतात. मावशी त्याच जागी होत्या, फक्त डोक्यावर आता ताडपत्री. मला पाहताच त्यांनी मागं हात घातला आणि रोवळी काढली. बुडाला सालीच्या पट्ट्यांची दुहेरी वीण, काठ घट्ट बांधलेला. नमुन्याची जुनी रोवळी तिच्या आत घातलेली, तीही जपून ठेवलेली. आईनं नवी रोवळी उचलून उजेडाकडे धरली, बुडातून प्रकाश कसा येतो ते पाहिलं, आणि काहीच न बोलता मावशींच्या हाताला हात लावला.

मी आणखी तीन सांगितल्या. एक माझ्यासाठी, दोन शेजारणींसाठी. पैसे पुढे केले.

मावशींनी पदराला गाठ मारली, पण या वेळी त्या थांबल्या. पाटीखालून त्यांनी नातवाची वही काढली आणि पेन माझ्याकडे दिलं.

"आता नाव लिवा ताई. ओतूरच्या दोघी सांगून गेल्यात. निस्तं रोवळीवाल्या ताई म्हणून ध्यानात न्हाई ऱ्हायाचं."

आई गालात हसत होती. ओतूरला तिच्या भावजया आहेत. मी वहीत दोन नावांखाली तिसरं नाव लिहिलं, पुढे आकडा घातला, तीन.